सादोला बदली

पुण्यात नोकरी करणारा आमचा भाचा भाऊबीजेला आईसोबत भंडाऱ्याला येतो, तो आमच्यावर उपकार म्हणून. यंदा उपकारासोबत जपानचे फोटोही आले. टोकियो-क्योटोला काय, कोणीही जातं. म्हणून हा पठ्ठ्या निईगाताहून बोटीत बसून सादो नावाच्या बेटावर गेला होता. तिथली लोकसंस्कृती, सण आणि 'लपलेली ठिकाणं' शोधायला. लपलेल्या ठिकाणांची यादी त्याला मोबाइलवर मिळाली होती.

मोबाइल टीव्हीला जोडला गेला. समोर त्याची आजी तांदूळ निवडत बसलेली, शेजारी डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीतून निवृत्त झालेले त्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, आणि मी.

पहिला फोटो आला. आजीने चष्मा पुसला. "हे त आपल्याच बांध्या होत ना रे! एवढ्या दूर जाऊन धानच पायला का बापा?"

भाच्याने घाईने पुढचा फोटो लावला. धानाच्या बांधीत गुलाबी पंखांचा पक्षी, तोकी. याची कहाणी मात्र ऐकण्यासारखी. मूळ जपानी वंशाचा शेवटचा तोकी २००३ साली सादोवरच मेला. चीनहून आलेल्या पक्ष्यांची पिल्लं वाढवून मग २००८ पासून ती मोकळी सोडली. पक्ष्याला खायला बेडूक-किडे मिळावेत म्हणून शेतकऱ्यांनी औषधं कमी फवारली, आणि त्या तांदळाच्या पिशवीवर तोकीचं नाव घालून तो चढ्या भावाने विकला. आमचा सारसही धानाच्या बांधीतच घरटं करतो. भंडारा जिल्ह्यात तो बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. भंडारा चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिशवीवर सारस छापून दोन पैसे जास्त मागायचं अजून कोणाला सुचलं नाही. छापलं तरी व्यापारी म्हणेल, पक्ष्याचं वजन कापून भाव सांगतो.

मग सोन्याची खाण. ती १९८९ साली बंद पडली आणि २०२४ साली जागतिक वारसा झाली. आत यांत्रिक पुतळे जुन्या काळचे खाणकामगार म्हणून उभे केले आहेत. त्यातला एक कुरकुरत असतो की कधी एकदा बाहेर पडतो आणि दारू पितो.

"याले तिकीट लागते?" भाऊजींनी विचारलं. "आमच्या पाळीत सारेच असं बोलत."

पुण्यात गणपतीचे ढोल सुरू झाले की कानात बोळे घालून बसणाऱ्या या मुलाने तिथे 'कोदो' पथकाचे ढोल मात्र तिकीट काढून, डोळे मिटून ऐकले होते. त्यावर कोणी काही बोललं नाही. शेवटी बहिणीचा मुलगा.

मला सादोचा इतिहास फार ओळखीचा वाटला. हे बेट म्हणजे सत्ताधाऱ्यांचं शिक्षेच्या बदलीचं ठिकाण. १२२१ साली सत्तेचा डाव फसला, माजी सम्राट जुंतोकूला सादो. १२७१ साली निचिरेन नावाचा भिक्खू सरकारला फार सुनावू लागला, सादो. १४३४ साली नोह नाटकाचा महागुरू झेआमी, सत्तरी गाठलेला म्हातारा, त्यालाही सादो. त्याचा गुन्हा काय ते आजवर नक्की कळलेलं नाही. बदलीचं खरं कारण आदेशात कधी लिहितात का? 'प्रशासकीय कारणास्तव' असणार. आपल्याकडे साहेब चिडले की गडचिरोलीला पाठवतात; थोडी दया आली तर भंडारा.

पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खाणीवर ओकुबो नागायासु हा अधिकारी आला. हा मूळचा नाटकवाल्यांच्या घरातला. येताना नटही घेऊन आला. मग दरबाराचं नाटक शेतकऱ्यांच्या अंगात शिरलं. गावोगावी देवळापुढे रंगमंच उभे राहिले, दोनशेच्या वर. आजही तिसावर उरले आहेत.

आमच्या झाडीपट्टीला असा साहेब लाभला नाही. इथे नाटक धानासारखं मातीतूनच येतं. धान घरात आलं की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागतात, दिवसा शंकरपट, रात्री दहानंतर नाटक, ते कोंबडा आरवेपर्यंत. झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईत पुष्कळांनी नकाशा उघडला.

भाच्याला मी त्याच आठवड्यात एका मंडईला नेलं. मंडई भाऊबीजेपासून सुरू होते, आज या गावची, उद्या त्या गावची. गोवाऱ्यांची ढाल नाचते, दंडार होते, शिंगाड्यांचे ढीग लागतात, आणि पंचक्रोशीतले पाहुणे जमतात. पाहुणे जमले की लग्नाच्या पोरापोरींकडे लक्ष जाणारच. भाचा ढालीचे फोटो काढत होता आणि चार घरची माणसं त्याला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळत होती. सादोत तो पर्यटक होता. मंडईत प्रेक्षणीय स्थळ झाला. पगार, शेती, चष्म्याचा नंबर, सगळ्याची चौकशी झाली.

परिणामी फेब्रुवारीत साक्षगंध ठरलं. मुलगी पवनीची.

होणाऱ्या सासऱ्यांनी जावयाला पवनी दाखवायला घेतली. वैनगंगेचे घाट, पंचमुखी गणेश, खंदक आणि मातीचा प्रचंड तट. जावयाने विचारलं, "इथे लपलेलं असं काही?" सासरे त्याला जगन्नाथाच्या टेकडीवर घेऊन गेले. देवळाखाली बौद्ध स्तूप निघाला होता, इसवी सनाच्याही आधीचा. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उकरला तेव्हा कळलं. याला म्हणतात लपणं. भाच्याने मोबाइलमध्ये पाहिलं. त्याच्या यादीत पवनी नव्हतीच.

तिथून आम्ही जवळच रुयाडला गेलो. महासमाधीभूमी स्तूपावर धम्ममहोत्सव भरला होता. तो दर फेब्रुवारीत भरतो, आणि जपानहून भिक्खू आणि पाहुणे येतात. जपानी माणूस दिसताच भाच्याच्या अंगात सादो संचारलं. कमरेत वाकून तो म्हणाला, "कोन्निचिवा!"

पाहुण्याने हात जोडून स्वच्छ सांगितलं, "जय भीम!"

मग दुभाष्यामार्फत चौकशी झाली. आपण कुठले? भाचा म्हणाला, पुण्याचा. पुण्यात पाहण्यासारखं काय आहे, असं पाहुण्याने विचारलं. भाचा आठवू लागला, तेवढ्यात सासरेच पुढे झाले.

"काई नाई जी, पोरगा आपल्या इकडचाच होय. नोकरीपायी अडकला बिचारा तिथं."

दुभाष्याने जपानीत काय सांगितलं कोण जाणे. बराच वेळ सांगत होता. ऐकता ऐकता पाहुण्याचा चेहरा गंभीर झाला आणि भाच्यापुढे तो सहानुभूतीने चांगला कमरेपर्यंत वाकला.