चवथीचा दुप्पट दर

"काकी, ऐकलंत काय? वरच्या वाड्यावरच्या म्हातारीला सांभाळायला एजन्सीची मुलगी ठेवलीय ना, तिचं बिल आलं म्हणे!"

"ऐकलं? अगो, मी डोळ्यांनी वाचलं. सुनेनंच आणून दाखवलं. दिवसपाळी वेगळी, रात्रपाळी वेगळी, हातमोजे वेगळे. आणि खाली काय, तर चवथीच्या दोन दिवसांचा दर दुप्पट!"

"मग बरोबरच आहे की. चवथीला ती पोर आपलं घर सोडून म्हातारीचं करत बसली."

"पोरीला मिळाले असते तर मी हूं की चूं केलं नसतं. विचारलं ना मी तिला. म्हणाली, रोजचाच पगार."

"पण सत्तरीवरच्यांना ते पाच लाखांचं कार्ड असतं ना?"

"आहे तर. २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झालं, मिळकतही विचारत नाहीत. शिवाय आपल्या गोव्याचं दीनदयाळ कार्ड आहेच. तिघांपर्यंत अडीच लाख, चार माणसं असली की चार लाख. पण बाय, ही कार्डं इस्पितळात चालतात. म्हातारीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर पंधरा दिवसांची औषधंसुद्धा त्या पाच लाखांत येतात. पुढे न्हाऊ कोण घालणार, कुशीवर कोण वळवणार?"

"दयानंद योजनेचे पैसे येतात की!"

"महिन्याला दोन हजार. त्यात रात्रीची बाई ठेवून बघ, किती रात्री पुरतात."

काकींनी वईवरून एक दुदी माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणला.

"खरी गंमत इस्पितळात झाली. नाव नको, वईलाही कान असतात. म्हातारीच्या थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, चांगला सांधा घालतो, कार्डात बसत नाही, वरचे द्या. पावती नाही, काही नाही. त्या पाच लाखांच्या कार्डावर पॅकेजातल्या उपचाराला वेगळा पैसा घ्यायचाच नसतो. सरळ १४५५५ला फोन लावायचा."

"लावला?"

"कुठला! आई आत टेबलावर, हा बाहेर घामाघूम. दिले काढून."

"म्हणजे सगळेच लुटतात म्हणायचं."

"नाही हं. एजन्सीनं दर आधीच कागदावर दिला होता, चवथीसकट. थोरल्यानं न वाचता सही ठोकली. पोरीचं खातात ते वाईटच, पण घरच्यांकडून मागतात ते उघड मागतात."

"आता देणार कोण?"

"तिथंच तर घोडं अडलंय. दुबईचा धाकटा म्हणतो, बिल मला पाठवा, बघून अर्धे देतो. थोरला भडकला. गू-मूत आम्ही काढायचं आणि हिशेब हा तपासणार! डिचोलीची लेक तर फोनच उचलत नाही. एजन्सी म्हणते, सोमवारपर्यंत पैसे नाहीत तर मुलगी परत बोलावतो."

"अगो बाई! मग?"

"सून विचारत होती, एजन्सीला मध्ये न घालता पोरीलाच थेट ठेवली तर? म्हटलं, ठेव. पण त्याबद्दल त्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाच. या खेपेला तरी."