ढोलाच्या गावात एकटा गिटारवाला

नाशकात आवाज करायचा म्हणजे ढोल. तोही एकटादुकटा नव्हे, पथकच्या पथक. गणपतीत मेन रोडवर मिरवणूक आली की आधी दुकानांच्या काचा थरथरतात, मग माणसं. अशा गावात वाढलेल्याला कुणी सांगितलं की बंडखोर संगीत म्हणजे एक पोरगा आणि एक लाकडी गिटार, तर तो विचारणारच, "बाकीचे जेवायला गेलेत का?"

मी पुतण्याला हेच विचारलं. तो हसला नाही. "काका, हा अकूस्टिक पंक आहे. यात एकटाच असतो. नवी रेकॉर्ड आलीये याची, ऐका तर."

ऐकली. गॅसवरचं दूध वर यायच्या आत पहिलं गाणं संपलं. गळा असा की आपल्याकडे गायनाच्या परीक्षेत पहिल्याच 'सा'ला घरी पाठवतील. तारा छेडत नव्हता, झोडपत होता. घरभाडं, नोकरी, पोलीस, सोडून गेलेली मुलगी, सगळ्यांवर सारखाच राग. आतून हिने विचारलं, "कुणी फसवलंय का हो त्याला?" समीक्षा म्हणून हे वाईट नाही. पण तिसऱ्या गाण्याला मी फोनचा आवाज वाढवला, हेही खरं.

मग पुतण्याने इतिहास सांगितला. न्यूयॉर्कच्या रमोन्स या चौकडीची पहिली रेकॉर्ड 1976 ची, चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत. आपल्याकडे तेवढ्या वेळात विलंबित ख्याल नुकता कुठे रंगात आलेला असतो. पुढच्या वर्षी इंग्लंडात एका हौशी पत्रिकेने गिटारच्या तीन कॉर्डची चित्रं छापली आणि खाली सांगितलं की एवढं येतं ना, मग बँड काढा. त्याच 1977 साली पॅट्रिक फिट्झगेराल्ड नावाच्या पोराला बँडचीही गरज वाटली नाही. साधी गिटार घेऊन त्याने एकट्याने गाणी केली आणि ती काढली 'स्मॉल वंडर'ने. लंडनच्या वॉल्थमस्टोमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानाने सुरू केलेली ही कंपनी. त्याच वर्षी सेक्स पिस्टल्सने राणीवर गाणं केलं, तर बीबीसीने ते वाजवायचं नाकारलं. हे सांगताना पुतण्याचे डोळे चमकत होते.

मला हसू आलं. बीबीसीने नाही वाजवलं, एवढंच? आमच्या तिळभांडेश्वर गल्लीत या, म्हटलं. गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद, इथलेच. पायांनी अधू. मित्रमेळा या सावरकर बंधूंच्या क्रांतिकारक गटातल्या मंडळींसाठी ते पोवाडे आणि गाणी रचायचे. त्या कविता बाबाराव सावरकरांनी छापल्या आणि 1909 च्या जूनमध्ये सरकारने बाबारावांना त्याबद्दल जन्मठेप दिली, काळ्या पाण्याची. लिहिणारा एक, शिक्षा छापणाऱ्याला. रेकॉर्ड कंपन्यांनी हा दाखला डोळ्यांपुढे ठेवावा.

पण ऐकता ऐकता मला खरे आठवले ते लोकशाहीर वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 15 ऑगस्ट 1922. नाशकात बाबासाहेब आंबेडकरांचा काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, तेव्हा हे जेमतेम सात वर्षांचे. शाळा नाहीच. पुढे मुंबईत कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि वाचता येईना. ते त्यांना इतकं लागलं की तरुणपणी ते मुळाक्षरांपासून शिकले. रस्त्यावरच्या पाट्या वाचून सराव केला. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. तीन कॉर्डवर बँड काढणाऱ्यांचं कौतुक आहेच. इथे बाराखडी हाती येते न येते तोच गाणी सुरू झाली, आणि मग हजारांनी झाली.

वामनदादा अगदी एकटे गायचे असं नाही. पेटी-ढोलकीची साथ असायची. पण गाणं त्यांचं, चाल त्यांची, आणि गावोगाव जाऊन ते उभं करणारा गळाही त्यांचाच. वस्तीतल्या मांडवात बाबासाहेबांचं म्हणणं त्यांनी वाचता न येणाऱ्यांच्या तोंडी बसवलं. राग पुतण्याच्या गिटारवाल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. फरक एवढाच की त्या पोराला आपण एकटे आहोत याचं फार वाटतं. वामनदादांच्या गाण्यात समोरची माणसं आधीच धरलेली असतात, म्हणून दुसऱ्या ओळीला सगळा मांडव गाऊ लागतो. एकट्याच्या गाण्याचा मोठेपणा मी तरी यावरच मोजतो.

पुतण्याची रेकॉर्ड चांगली आहे. प्रेमभंगाची दोन गाणी वगळली असती तर आणखी चांगली झाली असती. त्याला मी बदल्यात वामनदादांच्या आवाजातलं एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. "काका, याचं मास्टरिंग कुणी केलंय?" त्याने विचारलं. खरखर त्याला मुद्दाम घातल्यासारखी वाटली होती.

वामनदादा 15 मे 2004 ला नाशकातच गेले. त्यांना ऐकलेली माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या कार्यक्रमांच्या टेप कुणाकुणाच्या माळ्यावर असतील. तुमच्याकडे असतील तर येत्या पावसाळ्याआधी खाली काढा आणि संगणकावर उतरवून घ्या. दमट हवेत टेपला बुरशी धरते.