श्री. क्लिअर टायटल यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. क्लिअर टायटल,
मु. पो. होर्डिंग, जुना मुंबई-पुणे रस्ता, पनवेल.

स. न. वि. वि.

विमानतळाची वार्ता आल्यापासून आपला मुक्काम पनवेलातच आहे. दर फलकावर स्विमिंग पूलच्या शेजारी आपलं नाव झळकतं. म्हटलं, टू बीएचकेचं टोकन देण्याआधी एकदा भेटून यावं. आपण काही भेटला नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी सातबाऱ्यात शोधलं. ऑनलाइन फुकटचा उतारा स्वतःच बजावतो, मला कायदेशीर कामाला वापरू नका. मग १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढला. नमुना सातमध्ये भाऊ, बहिणी, वारस अशी वरात; ‘इतर हक्क’च्या रकान्यात एक कुळ, कंस केलेलं. कंस झाला म्हणजे हक्क गेला म्हणे. कसा गेला, ते बघायला नमुना सहा, अर्थात फेरफार. आणि या नोंदी खऱ्या कुठवर? १९६६चा महसूल कायदा सांगतो, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे जावई गुणी, पहिली तक्रार येईपर्यंत!

मग एका मित्राच्या दस्ताला साक्षीदार म्हणून गेलो. फोटो, अंगठे, मुद्रांक शुल्क, सारं चोख. पण १९०८चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. विकणारा खरोखर मालक आहे का, हा प्रश्न विकत घेणाऱ्यानेच घरून सोडवून आणायचा.

वकिलांनी ३० वर्षांचा सर्च घेतला. रिपोर्टात बारीक ओळ : फाटलेली व गहाळ पानं वगळून. खरं सांगा, आपण त्या फाटक्या पानावर तर राहत नाही ना?

नवीन पनवेलात निदान सोय आहे. सिडकोने भूखंड मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. घर आपलं असलं, तरी खालची जमीन आपली नाही, हे तिथे पहिल्या दिवशीच कळतं.

अमेरिकेतही आपण असेच तोंडावर आपटला होतात. १८६८मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका खटल्यात जमिनीवरचा जुना बोजा खरेदीदाराच्या गळ्यात पडला. त्यावर तोडगा म्हणून १८७६मध्ये फिलाडेल्फियात टायटल विम्याची पहिली कंपनी निघाली. बाकीचे विमे उद्याच्या संकटाचे, हा कालच्या पापांचा. हप्ता एकदाच.

आपल्याकडेही २०१६च्या रेरा कायद्यात, कलम १६मध्ये या विम्याचं नाव आहे. सरकार जे विमे अधिसूचित करील, ते बिल्डरने काढायचे. त्या ‘करील’वर अख्खा विमा टांगलाय. कलम १८ मात्र रोखठोक आहे : टायटल सदोष निघालं तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि त्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. फक्त तेव्हा बिल्डर सापडला पाहिजे.

शेवटी आपला पत्ता लागला. करारनाम्याच्या मसुद्यात, मधल्या एका पानावर, एक कलम आहे : खरेदीदाराने टायटलची स्वतः तपासणी करून खात्री करून घेतली आहे. खाली सहीची जागा माझी.

म्हणजे होर्डिंगवर बिल्डर आपली ओळख मला करून देतो आणि करारात मीच आपला जामीन! तेव्हा सहीच्या दिवशी कृपया जातीने हजर राहा. येताना एक ओळखपत्र आणा. माझ्याकडे दोन मागितलीत.

आपला,
एक होऊ घातलेला मालक (उलट सिद्ध होईपर्यंत)