पंधरावा नंबर चालेल

जुलै महिन्यात गुणतक्त्यात सगळेच शून्यावर असतात, त्यामुळे जर्मनीतला कुठलाही फुटबॉल संघ जुलैत अव्वलच म्हणायचा. हॅम्बुर्गचा एचएसव्ही गेली सात वर्षं दर जुलैत असा अव्वल होता. घोळ व्हायचा तो मे महिन्यात. आता २०२५ च्या उन्हाळ्यात मंडळी एकदाची पहिल्या श्रेणीत, म्हणजे बुंडेसलिगात परतली आहेत आणि 'यंदा काय?' या प्रश्नाचं पाठीराख्यांचं उत्तर एकदम सोज्वळ झालंय: अठरांत पंधरावा नंबर आला तरी पेढे वाटू.

हा विनय काही उपजत नव्हे. १९८३ साली अथेन्सला युव्हेंटसला १-० हरवून युरोपियन कप आणणारा हा क्लब. २४ ऑगस्ट १९६३ ला बुंडेसलिगा सुरू झाली, तेव्हाच्या सोळा संघांपैकी कधीच खाली न घसरलेला असा पुढे हा एकटाच उरला. त्याचा तोरा केवढा! स्टेडियमच्या कोपऱ्यात एक भलंमोठं घड्याळ लावलं होतं. आपण पहिल्या श्रेणीत किती वर्षं, किती दिवस, किती तास, मिनिटं, सेकंद आहोत, ते त्यावर सतत पळत असायचं. शुभचिन्ह म्हणून चक्क निळा डायनासोर. त्याला नाव दिलं हेर्मान, क्लबच्या जुन्या मालिशवाल्याचं. मोठमोठे खेळाडू राहिले बाजूला आणि मान मिळाला पाय चोळणाऱ्याला. हे मला या क्लबचं सगळ्यात आवडतं. मात्र डायनासोरांचं पुढे काय झालं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ते या मंडळींना कुणी सांगितलं नसावं.

२०१४ मध्ये ३४ सामन्यांत अवघे २७ गुण मिळवून पठ्ठे तरले. पुढच्या वर्षीही शेवटच्या क्षणीच वाचले. अखेर १२ मे २०१८ ला म्योंशनग्लाडबाखला २-१ हरवूनही बुडाले, कारण तिकडे वोल्फ्सबुर्गही जिंकलं. घड्याळ ५४ वर्षं २६१ दिवसांवर अडलं. आता त्या यंत्राचं करायचं काय? मग ते क्लबच्या जन्मापासूनचा, म्हणजे १८८७ पासूनचा काळ मोजू लागलं. पुढच्या वर्षी तेही उतरवलं आणि तिथे स्टेडियमचे अक्षांश-रेखांश लावायचं ठरलं. किती वेळ टिकलो ते सांगता येईना, तर निदान कुठे आहोत ते तरी सांगावं!

दुसऱ्या श्रेणीत मात्र भविष्यवेत्त्यांना ऊत आला. एवढा मोठा क्लब, वर्षभरात वर येणारच. वर्षारंभीच्या राशिभविष्यात जसा धनलाभ ठरलेला, तसा दर जुलैत एचएसव्हीला पदोन्नतीचा योग. प्रत्यक्षात नंबर आले ते असे: चौथा, चौथा, चौथा, तिसरा, तिसरा, चौथा. थेट वर जाण्यासाठी पहिल्या दोघांत यावं लागतं. तिसऱ्याला वरच्या श्रेणीतल्या सोळाव्याशी दोन सामने खेळायची संधी मिळते; ती दोन्ही वेळा वाया गेली.

२०२० मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर सांडहाउझेनशी नुसती बरोबरी केली असती, तरी तिसरा नंबर होता. हरले, तेही १-५. तिसरा नंबर नेला हायडेनहाइमने. गाव जेमतेम पन्नास हजार वस्तीचं. हॅम्बुर्गच्या एखाद्या उपनगरात मावेल.

पण खरा प्रसंग २०२३ चा. पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा सांडहाउझेन, या खेपेला त्यांच्या मैदानावर. एचएसव्ही १-० ने जिंकलं. तिकडे रेगेन्सबुर्गला हायडेनहाइम १-२ असं मागे. म्हणजे झालं की! पाठीराखे कुंपणं ओलांडून मैदानात, गळाभेटी, डोळ्यांत पाणी. स्टेडियमच्या निवेदकाने तर अभिनंदनही करून टाकलं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. रेगेन्सबुर्गचा सामना अजून संपलाच नव्हता. ९३ व्या मिनिटाला हायडेनहाइमने पेनल्टीवर बरोबरी साधली, ९९ व्या मिनिटाला तिसरा गोल केला आणि विजेतेपदासकट वर गेले. मैदानातल्या त्या गर्दीत ही बातमी मोबाइलवरून एकेकापर्यंत पोहोचली. शेजारचा अजून नाचतोय आणि आपल्याला कळलंय, अशा माणसाने काय करावं?

सात वर्षांत आठ प्रशिक्षक झाले. आठवा मेर्लिन पोल्त्सिन, हॅम्बुर्गचाच पोरगा, लहानपणापासून याच क्लबचा भक्त. त्याच्या हाताखाली १० मे २०२५ ला उल्मला ६-१ असं धुतलं आणि साडेसाती संपली. पहिला सामना म्योंशनग्लाडबाखशी, बुडाले त्याच दिवशीच्या पाहुण्यांशी, आणि तारीख नेमकी २४ ऑगस्ट. लगेच पुढचा सांक्ट पाउलीशी. ते गावातलेच शेजारी. वर्षभर आधी वर जाऊन बसलेले, त्यामुळे सध्या जरा वरूनच बोलतात.

माझ्या मते संघ टिकेल. बचाव कच्चा आहे, पण गोल करायची हौस आहे, आणि तळाला त्यांच्याहून गरीब दोन-तीन संघ निघतील. अट एकच. हायडेनहाइमही याच श्रेणीत आहे आणि गेल्याच मे महिन्यात तेसुद्धा ९५ व्या मिनिटाला गोल मारून तरलंय. शनिवारी त्यांचा साडेतीनचा सामना म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. त्या दिवशी ताटं नऊनंतरच घ्यावीत, आणि पंचाने शेवटची शिट्टी वाजवल्याशिवाय कुणी कुणाचं अभिनंदन करू नये.