बालरंजनशास्त्र-प्रवेश : रत्नागिरी शहर व परिसरातील होतकरूंसाठी

मोबदला घेऊन, ठरलेल्या वेळेत, दुसऱ्याच्या मुलांना दुसऱ्याच्या घरी हसवण्याची जबाबदारी पत्करणारा इसम म्हणजे बालरंजक, अशी या व्यवसायाची व्याख्या करता येते. यातील ‘मोबदला’ यजमानांच्या, ‘ठरलेली वेळ’ केक आणायला गेलेल्या मामाच्या आणि ‘हसवणे’ मुलांच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे व्याख्येत बालरंजकाच्या स्वतःच्या हाती असे फारसे काही उरत नाही, हे अभ्यासकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. जादू, बोलक्या बाहुल्या, फुग्यांचे प्राणी आणि मुखवटे ही या शास्त्राची चार अंगे होत. पाचवे अंग सोफा सरकवणे हे असून त्याचा उल्लेख कोणत्याही ग्रंथात आढळत नाही.

या विद्येची महाराष्ट्रातील परंपरा थोर आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्यात ही कला तीन पिढ्या चालत आली. यशवंत पाध्ये यांनी घडवलेला बोलका बाहुला अर्धवटराव त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्याबरोबर अजून वाद घालत असतो. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मुलांचे नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकातून उरलेल्या कपड्यांत उरकायची गोष्ट राहिलेली नाही. मात्र या सर्व थोरांना मंच, पडदा आणि पहिल्या रांगेपासून थोडेतरी अंतर लाभले होते. होतकरूला मिळते ती मारुती मंदिर परिसरातील दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली, जिच्यात पहिली रांग बालरंजकाच्या गुडघ्यांना टेकून बसते आणि दुसरी रांग टीव्हीमागून, म्हणजे जिथून सगळे दिसू नये तिथूनच, प्रयोग पाहते. म्हणून पाठीशी भिंत असल्याखेरीज पेटी उघडू नये आणि पुढे सुतळी टाकून तिच्या पलीकडे मांडी घालून बसण्याची शपथ मुलांना द्यावी. मुले शपथ पाळतात. सुतळी मात्र दर पाच मिनिटांनी बोटभर पुढे सरकते.

प्रेक्षकवर्गाचे वयानुसार तीन भाग पडतात. चार वर्षांच्या आतील बालकाला जादूचे नवल वाटत नाही, कारण नाणे नाहीसे होऊ शकत नाही हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नसते. ज्या घरात बटण दाबताच दुबईचा मामा काचेतून बोलू लागतो, तिथे लाल रुमाल हिरवा झाला तर त्यात विशेष ते काय? पाच ते आठ हा वर्ग या धंद्याचा कणा होय. नऊ ते अकरा या वर्गास चार्वाक म्हणावे. भारतीय तर्कशास्त्रात ज्ञानाची जी प्रमाणे सांगितली आहेत त्यांपैकी प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवलेले, आणि शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचे सांगणे, ही दोन येथे महत्त्वाची आहेत. मोठी माणसे शब्दप्रमाणावर चालतात. ‘हा हात रिकामा आहे’ असे म्हटले की ती सौजन्याने त्याच हाताकडे पाहतात, आणि जादूच काय, निवडणुकाही याच सौजन्यावर पार पडतात. चार्वाकांना फक्त प्रत्यक्ष मान्य असल्यामुळे ‘हा हात रिकामा आहे’ हे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांची नजर दुसऱ्या हाताकडे गेलेली असते. लक्षविचलन, म्हणजे प्रेक्षकाची नजर हवी तिकडे वळवण्याची कला, मोठ्यांवर आयुष्यभर घोटून मुलांसमोर उभा राहिलेला जादूगार पहिल्या तीन मिनिटांत गारद होतो तो यामुळेच.

यावर उपाय एकच, आणि तो मुलांनीच शिकवलेला आहे : मुद्दाम सापडावे. गोटी दुसऱ्या हातात आहे असे मुलांना वाटू द्यावे, ‘काका, मागच्या हातात आहे तुमच्या!’ असा ओरडा झाला की बहिरे व्हावे, डावा हात दाखवावा, पाठ वळवावी, पुन्हा उजवा दाखवावा, आरोप छप्पर उडेपर्यंत वाढू द्यावा आणि मग दोन्ही मुठी सावकाश उघडाव्यात. मुलांना चकित व्हायला आवडते हा पालकांचा समज आहे. मुलांना खरी मौज वाटते ती आपल्याला कळलेली गोष्ट समोरच्या मोठ्या माणसाला कळत नाही याची. दिवसभर याच्या नेमके उलट चाललेले असते. जादूगाराच्या हातात ताठ राहणारी आणि मुलाच्या हातात जाताच खिळखिळी होऊन लोंबणारी कांडी हे या धंद्यातील अत्यंत स्वस्त, अत्यंत जुने आणि कधीही न पडणारे साधन आहे, कारण तिच्यात मूल काही चुकत नाही, चूक कांडीचीच असते, आणि काका मात्र कपाळाला हात लावतात.

केक कापल्यानंतर प्रयोग करू नये.

मदतनीस निवडताना जो मुलगा ‘मी, मी’ म्हणत अंगावर चढतो त्याला घेऊ नये, कारण त्याचा प्रयोग आधीच चालू असतो. खांद्यापर्यंत येऊन परत खाली जाणारा हात शोधावा. सत्कारमूर्तीला, म्हणजे ज्याचा वाढदिवस आहे त्याला, पुढे येण्याचा आग्रह तर मुळीच करू नये. सकाळपासून टोचणारे जरीचे जाकीट घातलेले, झोप न झालेले आणि बावीस जणांनी गाल ओढलेले मूल पुढे ढकलले की रडते, आणि ते अगदी बरोबर करते.

आता साधनचिकित्सा. फुग्यांचे प्राणी करण्यासाठी जो लांबट फुगा वापरतात त्याला धंद्यात ‘२६०’ म्हणतात, कारण पूर्ण फुगल्यावर तो साधारण २ इंच जाड आणि ६० इंच लांब होतो. तो तोंडाने फुगवण्याचे शौर्य करू नये, हातपंप ठेवावा. शेपटाकडे चार बोटे जागा न फुगवता सोडावी, कारण प्रत्येक पिळाबरोबर हवा पुढे सरकते. आणि सगळे पीळ एकाच दिशेने द्यावेत, नाहीतर कुत्र्याचा मागचा पाय देताना पुढचा सुटतो. एवढे जमले की कुत्रा जमतो, आणि कुत्र्याची मान वाढवली की जिराफ. तलवार सर्वांत सोपी असली तरी ती कधीही पहिली करू नये, कारण एकाला तलवार दिली की सर्वांना तलवारीच लागतात आणि पुढील अर्ध्या तासात बैठकीच्या खोलीत जे घडते त्याला बालरंजन म्हणता येत नाही. अलीकडे हरिण, ससा, फूल या पारंपरिक मागण्या मागे पडून जेसीबीची मागणी वाढली आहे. फुग्याचा जेसीबी होत नाही. हे सांगितल्यावर मूल बालरंजकाकडे ज्या नजरेने पाहते ती सोसण्याची तयारी ठेवूनच या धंद्यात उतरावे. दोन फुगे एकात एक अडकवून पुढे वाकडी सोंड काढली आणि ‘हा बंद पडलेला जेसीबी आहे’ असे सांगितले तर बहुतेक वेळा निभावते, कारण बंद पडलेला जेसीबी रस्त्याच्या कडेला प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो.

रत्नागिरीत या साधनाचा खरा शत्रू जांभा दगड होय. जांभ्याच्या चिऱ्याला असंख्य बारीक छिद्रे आणि तितक्याच कडा असतात. गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाला, नुसता टेकलेला जिराफ त्याच क्षणी संपतो. अंगणातील कार्यक्रमात मुले फुगे घेऊन गडग्यावर चढणारच असल्यामुळे दर मुलामागे दोन फुगे धरावेत, आणि यजमानांना हिशेब सांगताना दगडाचे नाव घ्यावे, मुलाचे घेऊ नये. उन्हात ठेवलेला फुगा आधी काचेसारखा चमकणे सोडून मळकट दिसू लागतो आणि मग न सांगता फुटतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र तिथल्या तिथे उचलावेत. रांगते मूल रबराचा तुकडा तोंडात घालते, तो घशात बसतो आणि श्वास अडतो. तिथे कोणतीही जादू चालत नाही. हा नियम विनोदाने घेऊ नये. ज्याला वाकून तुकडे गोळा करायची लाज वाटते त्याने दुसरा धंदा बघावा.

मुखवटा या विषयात होतकरूने बाहेर कुठे पाहण्याची गरज नाही, कारण कोकणाने संकासुर घडवलेला आहे. शिमग्यात नमन-खेळ्यांबरोबर येणारा संकासुर, अंगात काळा पायघोळ पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, झाकलेल्या चेहऱ्यावर पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू, हाच या भूमीतील आद्य बालरंजक मानावा लागेल. वेद पळवणारा हा राक्षस दशावतारात विष्णूच्या हातून मरतो, पण अंगणात तो पोरांच्या मागे धावतो आणि पोरे त्याच्या मागे. याचे रहस्य घुंगरांत आहे. तो दिसण्याआधी ऐकू येतो, त्यामुळे आजीच्या पदराआड जायचे की दारात उभे राहायचे हे ठरवायला मुलाला अवधी मिळतो. आणि दारात उभे राहिलेले पोर स्वतः दोन पावले पुढे येऊन ओरडून पळते, तेव्हा भीतीची दोरी पोराच्याच हातात असते. याउलट भाड्याने आणलेला भव्य कापशी उंदीर पूर्वसूचना न देता केकच्या टेबलामागून निघतो, तीन वर्षांच्या मुलाचा हात पकडतो आणि सोडत नाही, कारण बाबांचा फोटो व्हायचा असतो. मूल किंचाळते, उंदराला आतून दिसत नाही, बाबा म्हणतात ‘घाबरायचं काय त्यात!’ मुखवटा घालणाऱ्याने दारापाशी थांबावे, खाली बसावे, आणि ज्याला यायचे त्याने यावे.

मुखवट्याखालच्या माणसाचीही थोडी चिंता करावी. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण रंगवणारे, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातीलच वैभव मांगले यांना मे २०१९ मध्ये सांगलीच्या प्रयोगात उकाड्याने भोवळ आली होती, आणि ते कसलेले नट. रत्नागिरीच्या मे महिन्यात घाम वाळतच नाही. मंगल कार्यालयातील पंखा दमट हवा फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतो. वीस मिनिटांनी डोके बाहेर काढावे, कोकम सरबत मागून घ्यावे आणि ते न मिळाल्यास पाणी प्यावे. बोलक्या बाहुलीबाबत इतकेच सांगणे पुरे की, मुले तिला भीत नाहीत, पालक भितात. ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ मध्ये आला आणि त्यातल्या तात्या विंचू या बाहुल्यामुळे झोप उडालेली ती पिढी आता पालक होऊन मागच्या खुर्च्यांवर बसलेली असते.

या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रकरण मुलांचे नाहीच. ते मुंबईहून आलेल्या काकांचे आहे. हे काका परीक्षा संपल्यावर सहकुटुंब येतात, आंब्याच्या पेट्यांची मोजदाद करतात आणि पुतण्याच्या वाढदिवसाला हातात वेफर्सची बशी घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात. रुमाल नाहीसा होताच ते ‘अहो, अंगठ्यात असतं ते!’ असे सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने स्वतःशी बोलतात. काकांनी हे मोबाइलवर पाहिलेले असते. ते निम्म्याहून अधिक वेळा चुकीचे असते, पण बालरंजकाला ते सांगताही येत नाही, कारण खरे कसे असते हे सांगितल्याशिवाय खोटे कसे आहे हे सिद्ध होत नाही. येथे मुलांचे वर्तन अभ्यासण्यासारखे आहे. चार्वाकांपैकी ज्याला युक्ती खरोखर कळते तो ती ओरडून सांगत नाही. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ येतो, बालरंजकाला खाली वाकायला लावतो आणि कानात सांगतो, आणि ते बरोबर असते. काकांना मात्र साठ माणसे लागतात. शेवटी एखादी सहा वर्षांची पुतणीच वळून ‘काका, गप्प बसा ना!’ म्हणते.

तेवढ्याने काका गप्प बसले नाहीत तर त्यांना पुढे बोलवावे. बशी काढून घ्यावी, कागदी टोपी घालावी आणि ती खिळखिळी कांडी हातात द्यावी. कांडी लोंबते, काका ती सरळ करतात, पुन्हा लोंबते. मुले जमिनीवर लोळतात, आणि काकांच्या चेहऱ्यावर असे काही येते की ते याच घराच्या अंगणात चड्डी सावरत संकासुरामागे धावत असत, हे कोणालाही सांगावे लागू नये. टोपी ते जेवणापर्यंत काढत नाहीत. काकांविषयी आधी लिहिलेले शब्द यामुळे मागे घेण्याचे कारण नाही, पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा दारातच उभे असतात.

वीज जाते हे गृहीत धरावे.

अर्थव्यवहाराचा प्रश्न मुलेच उपस्थित करतात. कोऱ्या कागदाची नोट करून दाखवल्यावर मिरकरवाड्यापासून साळवी स्टॉपपर्यंत कोणत्याही घरातील चार्वाक एकच विचारतो : ‘नोटा करता येतात तर इथे कशाला येता?’ याला आजवर समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. ‘दुकानदार त्या घेत नाही’ हे त्यातल्या त्यात बरे. त्यानंतर पेटी भरताना हाच मुलगा रेंगाळतो आणि स्वतःची एक जादू दाखवू का म्हणून विचारतो. तो रुपयाचे नाणे मुठीत धरतो, दोन्ही हात पाठीमागे नेतो, तोंडाने बराच वेळ काहीतरी पुटपुटतो आणि मुठी पुढे करतो. एका मुठीच्या बोटांतून नाण्याची कड स्पष्ट दिसत असते. बालरंजकाने विचारात पडावे, चष्मा पुसावा आणि दुसऱ्या मुठीवर बोट ठेवावे. हा प्रयोग पाच-सहा वेळा करावा लागतो. त्याला वेळ भरपूर असतो, कारण पाकीट आणतो म्हणून आत गेलेले यजमान अजून बाहेर आलेले नसतात.