दोनदा हरायला या

फायटिंग गेमच्या स्पर्धेत कधी उतरावं, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच उत्तर आहे: आत्ताच. ‘अजून तयारी झाली नाही’ म्हणणाऱ्यांची तयारी कधीच होत नाही. ते महिनोन्‌महिने ट्रेनिंग मोडमध्ये न हलणाऱ्या बाहुल्यावर लांबलचक कॉम्बो घोटत बसतात. समोरचा माणूस मात्र हलतो. उडी मारून अंगावर येतो, नुसतं ब्लॉक करत राहिलात तर धरून आपटतो. उडी मारणाऱ्याला हवेतच पाडता यावं, थ्रो सोडवता यावा आणि समोरच्याचा वार हुकला की एक साधा, हमखास कॉम्बो लागावा. पहिल्या स्पर्धेला एवढं पुरतं.

महागडी आर्केड स्टिकही नको. हात बसलेला कंट्रोलर न्या. वायरलेस असेल तर उठताना त्याची जोडणी तोडा, नाहीतर पुढच्यांच्या सामन्यात तुमच्या बटणाने खेळ थांबेल.

आता हरण्याची भीती. बहुतेक स्पर्धा डबल एलिमिनेशनच्या असतात: एकदा हरलात की लूझर्स ब्रॅकेटमध्ये, दुसऱ्यांदा हरलात की बाहेर. पहिल्या खेपेला सलग दोन सामने हरून बाहेर पडणारे ढिगाने असतात. त्यात लाज कसली? या खेळातला सर्वांत गाजलेला क्षण लूझर्स ब्रॅकेटमधलाच आहे. २००४, कॅलिफोर्निया, इव्हो स्पर्धा, स्ट्रीट फायटर थ्री. आधीच एकदा हरलेला दाइगो उमेहारा, समोर जस्टिन वाँग. दाइगोच्या केन या पात्रात जीव नावापुरता उरलेला. वाँगच्या चुन-लीचा सुपर हल्ला त्याने नुसता ब्लॉक केला असता, तरी ब्लॉकमधूनही थोडा जीव जातो, तेवढ्यानेच तो संपला असता. त्याने पंधराच्या पंधरा फटके पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी परतवले, उलट मारा करून ती फेरी जिंकली आणि प्रेक्षक खुर्च्यांवरून उठले. एका पराभवात बाहेर काढणारी पद्धत असती, तर हा क्षण घडलाच नसता. आणि हो, त्या वर्षी अजिंक्य दाइगो नव्हता. अंतिम लढत तो हरला.

इव्होत पात्रता फेरीची अट नाही, फी भरून कुणीही नाव नोंदवतो. याच दाराने २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान अ‍ॅश आत आला. बाहेरच्या जगात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. टेकन सेव्हन या गेममध्ये त्याने इव्हो जपान जिंकली आणि त्याच वर्षी लास वेगासला कोरियाच्या ‘नी’ या खेळाडूला हरवून मुख्य इव्होही. लाहोरच्या आर्केडमध्ये एकमेकांना रगडून तयार झालेली पोरं किती तगडी आहेत, हे जगाला तेव्हा कळलं. आपल्या शहरांतल्या पोरांना कुणी अडवलंय?

हरल्यावर बॅग उचलून घरी पळू नका. बाजूच्या सेटअपवर मैत्रीचे सामने चालू असतात, तिथे बसा. ज्याने हरवलं त्यालाच विचारा, ‘माझं कुठे चुकलं?’ बहुतेक जण मनापासून सांगतात. तुमच्या जवळ होणारी पुढची स्पर्धा शोधा आणि फी आजच भरा.