पहिल्या सेल्फचे काका

कोथरूड असो की चिंचवड, पार्किंग असलेली सोसायटी म्हटली की हे काका तिथे असतातच. भोसरीच्या एमआयडीसीतून निवृत्त, शोकेसमध्ये रिंग पान्यांचा सेट, आणि ‘गॅरेजवाले लुटतात’ हे वाक्य नमस्काराच्या जागी. सगळं शिक्षण प्रीमिअर पद्मिनीवर झालेलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या गाडीचे टॅपेट आपण स्वतः फीलर गेज घालून कसे सेट करायचो, हे आपण न विचारताच कळतं.

अशा काकांची हल्लीची हॅचबॅक एके सकाळी खडखडली. सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात सुटे नट हलवल्यासारखा आवाज, मग सगळं सुरळीत. काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं.

या दुखण्याची गंमत अशी, की ते दिवसातून एकदाच ऐकू येतं. इंजिन रात्रभर उभं राहून ऑइल खाली संपमध्ये उतरलेलं असेल तरच सकाळी खडखड. निदान करायचं ते त्या तीन सेकंदांत. हुकलं की थेट उद्या.

साहजिकच गाडी चालवायला घरात बंदी झाली. काकू भाजीला रिक्षाने जाऊ लागल्या.

“अहो, दारात गाडी असून रिक्षाला पैसे घालायचे?”

“अगं, इंजिन थंड राहायला नको?”

जावई मुक्कामाला आले होते. दुधाच्या टेम्पोला वाट हवी म्हणून त्या भल्या माणसाने पहाटे उठून गाडी सुरू केली आणि चार हात मागे घेतली. त्या दिवशी सासरेबुवा जावयाशी जे काही बोलले ते पेपराच्या आडून.

सकाळी सहाचा कार्यक्रम मात्र बघण्यासारखा. तळमजल्यावरचा कॉलेजातला मुलगा किल्लीवर. काका बॉनेटखाली वाकलेले, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या कव्हरवर आणि लाकडी मूठ कानाला. डोळे मिटलेले. “मार!” खडखड. “बंद कर! ऐकलंस? चेनच्या बाजूने आहे.” मुलाला ऐकू आलेला असतो तो फक्त वरच्या मजल्यावरून आलेला ‘अहो, झोपू द्या की’ हा आवाज.

पहिला संशय सायलेन्सरच्या पाइपवरच्या पत्र्यावर. त्याचा बोल्ट गंजला की अगदी असाच आवाज येतो, आणि हे तपासण्याआधी इंजिन उघडू नये हे काकांचं म्हणणं सोळा आणे खरं. पत्रा निर्दोष सुटला. मग ऑइल. डिपस्टिक काढून जुन्या बनियनच्या चिंधीने पुसली, पुन्हा बुडवली, उजेडात धरली. लेव्हल बरोबर. ग्रेडही पुस्तिकेत लिहिलेलीच, ५डब्ल्यू-३०. जाड ऑइल इंजिनाला पौष्टिक, अशी समजूत असलेल्या शेजाऱ्याला इथे एक व्याख्यान मिळालं: थंडीत जाड ऑइल वर पोचायला उशीर लावतं, आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर चालतो तोच मुळी ऑइलच्या दाबावर. दाब येईपर्यंत चेन सैल, आणि सैल चेन गाइडवर आपटते. हीच ती खडखड.

पण मग ग्रेड बरोबर असताना दाब उशिरा का? काकांची नजर फिल्टरवर गेली. या गाडीत तो आडवा बसतो. इंजिन बंद झाल्यावर त्यातलं ऑइल मागे गळू नये म्हणून आत रबराचा एक व्हॉल्व्ह असतो. तो कडक झाला, की रात्रीतून फिल्टर रिकामा. सकाळी पंप आधी तो भरणार, मग टेन्शनरला ऑइल मिळणार.

“असला भिकार फिल्टर घातला कुणी?” काका गरजले. काकूंनी कपाटातून पावती आणून दिली. गॅरेजवाला लुटतो म्हणून काकांनीच मागच्या सर्व्हिसला जुन्या बाजारातून, तोही घासाघीस करून, आणलेला होता तो.

“तेव्हा तिथे माल चांगला यायचा,” काका म्हणाले.

नवा, खात्रीचा फिल्टर आला. त्याच्या रबरी रिंगेला बोटाने ऑइल फासलं, पाना न लावता हातानेच आवळला. दुसऱ्या सकाळी सेल्फ मारला, आणि इंजिन मुकाट्याने सुरू झालं. मुलाने टाळी वाजवली. काका तसेच वाकलेले. “बारीक येतोय अजून. उद्या बघू.” काकूंची रिक्षा आणखी आठवडाभर चालू होती.

तुमच्या गाडीची खडखड दोन-तीन सेकंदांत थांबत असेल, तर असे काका जरूर गाठा. पत्रा, ऑइल, फिल्टर एवढं त्यांच्या हातचं आहे आणि ते हात चांगले आहेत. पण इंजिन गरम झाल्यावरही आवाज राहत असेल, तर चेन लांबलेली असू शकते. ती दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात. अशी गाडी सुरू न करता टो करून गॅरेजात न्या, आणि काकांना बिल भरून झाल्यावर सांगा.